सगळे भिडू एकाच बाजूला : सहकारी, कथाप्रधान पत्तेखेळ रचण्याचे तीन मार्ग

संग्राह्य पत्त्यांच्या खेळांचा मूळ साचा झुंजीचा आहे. रिचर्ड गारफील्ड यांनी रचलेला आणि विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने १९९३ साली बाजारात आणलेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा या प्रकारातला आद्य खेळ. आपल्या संग्रहातून किमान साठ पत्त्यांचा डेक (खेळायचा गठ्ठा) बांधायचा, वीस लाइफने (जिवाच्या गुणांनी) सुरुवात करायची आणि समोरच्याचे लाइफ शून्यावर आणायचे, एवढाच त्याचा गाभा आहे. पुढे आलेल्या बहुतेक संग्राह्य खेळांनी हीच चौकट थोड्याफार फरकाने उचलली. मात्र अनेक गटांमध्ये काही काळाने एकाच्याच डेकची सरशी होत राहते आणि नवा आलेला भिडू हरून हरून कंटाळतो. मग कोणीतरी सुचवते की एकमेकांशी लढण्याऐवजी सगळ्यांनी मिळून कशाशी तरी लढावे आणि त्या लढाईला एखादी गोष्टही असावी. हा आढावा अशा टप्प्यावर आलेल्या गटांसाठी आहे. त्यांच्याकडे पत्त्यांचा बऱ्यापैकी संग्रह आहे, तीन-चार भिडू आहेत आणि आता घरच्या घरी एक सहकारी प्रकार रचावा की त्यासाठीच बनवलेला वेगळा खेळ विकत घ्यावा, हे त्यांना ठरवायचे आहे, असे मी धरून चाललो आहे.

मार्ग ढोबळमानाने तीन आहेत. पहिल्यात गटातलाच एक जण खलनायक होतो आणि बाकीचे त्याच्या विरोधात एकत्र येतात. दुसऱ्यात शत्रूचा डेक कोणी माणूस न चालवता ठरावीक नियमांनी आपोआप चालतो. तिसऱ्यात मुळापासून सहकारासाठीच रचलेला खेळ घेतला जातो. त्यांची तुलना करताना नियमांची गुंतागुंत, किंमत, वेळ अशा अनेक गोष्टी पाहता येतील, पण माझ्या मते निकाल दोन प्रश्नांवर लागतो. शत्रूचे निर्णय कोण घेणार, हा पहिला; आणि डाव संपून पत्ते डब्यात गेल्यावर पुढच्या डावासाठी काय शिल्लक राहणार, हा दुसरा.

दुसऱ्या प्रश्नाकडे रचनाकारांचे हमखास दुर्लक्ष होते, कारण पत्त्यांवर चित्रे आणि तिरप्या अक्षरांतल्या ओळी असल्या की कथा आलीच असा समज असतो. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा पाहा. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, वजीर आणि एक्का ते दश्शी असे बारा, एकूण १२० पत्ते. चित्रांचा विषय पुराणातला, हाताने रंगवलेला आणि देखणा, पण खेळ मात्र हात करण्याचा. मत्स्याच्या राजाने हात केला म्हणून प्रलयाची कथा पुढे सरकत नाही. गंजिफेचे त्यात काहीच अडत नाही, कारण तिला कथा सांगायचीच नव्हती. कथाप्रधान प्रकार रचणाऱ्याला मात्र चित्र आणि घडामोड यांतले हे अंतर विसरून चालत नाही.

एक खलनायक, बाकी सगळे नायक

या मार्गाचा सर्वांत नीट बांधलेला नमुना म्हणजे २०१० साली मॅजिकसाठी निघालेला ‘आर्चएनिमी’ हा प्रकार. त्यात खलनायकाला ४० लाइफ मिळते, नायकांना प्रत्येकी २०. खलनायकाकडे नेहमीच्या डेकशिवाय किमान वीस मोठ्या आकाराच्या ‘स्कीम’ पत्त्यांचा वेगळा गठ्ठा असतो आणि आपल्या प्रत्येक पाळीत तो त्यातला एक पत्ता फुकट उघडतो. या कारस्थानी पत्त्यांमुळे एकटा असूनही तो तिघाचौघांना पुरून उरतो. नायक आपली पाळी एकत्र खेळतात.

या प्रकाराची खरी चमक अशा काही स्कीम पत्त्यांत आहे जे खलनायकाला ताकद देण्याबरोबर नायकांना पेचात पकडतात. ‘द फेट ऑफ द फ्लॅमेबल’ हा त्यांपैकी एक. खलनायक एका नायकाकडे बोट दाखवतो आणि त्याने ‘स्वतः’ किंवा ‘इतर’ यांपैकी एक निवडायचे असते. ‘स्वतः’ म्हटले तर त्याला एकट्याला सहा इजा होतात. ‘इतर’ म्हटले तर बाकीच्या प्रत्येक नायकाला तीन. चार नायक असतील तर हिशेब सोपा दिसतो, कारण सहा विरुद्ध तिघांचे मिळून नऊ. पण ज्याच्याकडे बोट आहे त्याचेच लाइफ पाचवर आले असेल, तर हिशेब बाजूला राहतो आणि टेबलाभोवती वाद सुरू होतो. पत्त्यावर कथेची एक ओळही नसताना इथे कथा घडते. सहकारी प्रकार रचणाऱ्याने एवढा एक पत्ता नीट अभ्यासला तरी पुष्कळ हाती लागेल.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या संगणकीय खेळावरून २००६ साली आलेल्या पत्तेखेळानेही हाच मार्ग धरला होता. ‘ओनिक्सियाज लेअर’सारखे त्याचे ‘रेड डेक’, म्हणजे चढाईचे डेक, एकाने बॉस म्हणून चालवायचे आणि बाकीच्यांनी आपापल्या नायकांचे डेक घेऊन त्याच्यावर तुटून पडायचे, अशी ती रचना होती.

या मार्गाचा मोठा फायदा असा की शत्रूमागे माणूस असल्यामुळे संग्रहातला जवळजवळ प्रत्येक पत्ता कामाचा राहतो. समोरच्याच्या हातातले पत्ते टाकायला लावणारे, त्याचा मंत्र हवेतच मोडणारे, त्याच्या जमिनी, म्हणजे इतर पत्ते खेळायचे बळ पुरवणारे पत्ते, उद्ध्वस्त करणारे असे सगळे पत्ते अर्थपूर्ण ठरतात. नवे नियम फारसे शिकावे लागत नाहीत. तोटाही माणसामुळेच येतो. खलनायक जिंकायला खेळतो की गोष्ट रंगवायला, हे आधी ठरलेले नसेल तर डाव फिसकटतो. जिंकायलाच बसलेला खलनायक सर्वांत दुबळ्या नायकाला पहिल्या काही पाळ्यांतच बाहेर काढतो आणि तो बिचारा उरलेला वेळ चहा करत बसतो. उलट फार सांभाळून खेळणाऱ्या खलनायकाचा लुटुपुटूपणा नायकांना लगेच कळतो आणि विजयाची किंमत राहत नाही. शिवाय पाच जणांच्या गटातला एक जण सहकाराच्या बाहेरच राहतो. ज्या गटात कथा रंगवून सांगण्याची आणि हरण्याचीही हौस असलेला एखादा भिडू आहे, त्याच गटाने हा मार्ग धरावा.

आपोआप चालणारा डेक

हा मार्ग सर्वांत स्वस्त आणि घरी बदल करून पाहायला सर्वांत सोपा, म्हणून त्यावर जरा थांबतो.

मॅजिकच्या चाहत्यांनी २०११ च्या सुमारास रूढ केलेला ‘होर्ड’ हा त्याचा मूळ नमुना. शत्रूचा डेक शंभर पत्त्यांचा. त्यातले साधारण साठ टोकन, म्हणजे साध्या झॉम्बींचे पत्ते, आणि उरलेले चाळीस मोठे झॉम्बी किंवा मंत्र. होर्डला हातात धरायचे पत्ते नाहीत, जमिनी नाहीत, लाइफ नाही. भिडूंचे लाइफ एकत्र मोजले जाते, माणशी वीस याप्रमाणे, आणि त्यांना सुरुवातीला तीन पाळ्या तयारीला मिळतात. त्यानंतर होर्डच्या प्रत्येक पाळीला वरून पत्ते उघडत जायचे. टोकन निघत राहतील तोवर ती सगळी मैदानात येतात आणि टोकन नसलेला पहिला पत्ता निघाला की तो फुकट खेळून उघडणे थांबते. होर्डचे सर्व क्रीचर (लढणारे प्राणी) आल्याबरोबर हल्ला करतात. भिडूंनी होर्डला जितकी इजा केली तितके पत्ते तिच्या डेकमधून बाद होतात, आणि डेक संपून मैदानही मोकळे झाले की भिडू जिंकतात.

यातले गणित समजून घेतल्याशिवाय बदल करू नयेत. साठ टोकन आणि चाळीस इतर पत्ते असतील तर एका पाळीत सरासरी दीडच्या आसपास टोकन आणि एक मोठा पत्ता उघडतो, म्हणजे जेमतेम अडीच पत्ते. हा वेग तीन भिडूंना झेपतो. पण सरासरीने कोणी मरत नाही. पिसलेल्या डेकच्या पहिल्याच पाळीत लागोपाठ पाच किंवा अधिक टोकन निघण्याची शक्यता सुमारे सात टक्के आहे. दोन ताकदीची पाच टोकन आणि त्यांच्यामागून सगळ्यांचे बळ एकेने वाढवणारा एखादा म्होरक्या आला, तर टोकनांचीच पंधरा इजा एका झटक्यात अंगावर येते. तीन भिडूंच्या साठ लाइफमध्ये ती पचते, दोघांच्या चाळिसात ती जीवघेणी वाटते. म्हणून दोघांनी खेळताना टोकनांचे प्रमाण पन्नासवर आणावे किंवा एका पाळीत जास्तीत जास्त चारच टोकन येतील अशी मर्यादा घालावी. मला दुसरा उपाय अधिक आवडतो, कारण त्याने डेक पुन्हा बांधावा लागत नाही.

दुसरी अडचण डेकबांधणीची. होर्डला हात नसल्यामुळे हातातले पत्ते टाकायला लावणारा डेक इथे निरुपयोगी ठरतो, आणि जमिनी उद्ध्वस्त करणाऱ्या डेकचेही तेच. उलट समोरच्याच्या डेकमधून थेट पत्ते बाद करणारे पत्ते अतोनात प्रबळ होतात, कारण होर्डचा डेक हाच तिचा प्राण असतो. एरवी हौसेखातर बांधलेला असा डेक इथे एकहाती डाव संपवतो. मैदान साफ करणारे मंत्र आणि एका पाळीची सगळी इजा रोखणारे पत्तेही नेहमीपेक्षा कितीतरी भारी पडतात. अशा पत्त्यांवर बंदी घालायची की होर्डला त्यांच्यापासून संरक्षण द्यायचे, हे पहिल्या डावाआधीच ठरवावे. ऐन डावात घातलेली बंदी ही रचनाकाराने केलेली रडी वाटते.

विझार्ड्सने हाच विचार थेरॉस या मॅजिकमधल्या, ग्रीक पुराणकथांसारख्या जगासाठी वापरला. २०१३ ते २०१४ या काळात ‘फेस द हायड्रा’, ‘बॅटल द होर्ड’ आणि ‘डिफीट अ गॉड’ असे तीन साठ-साठ पत्त्यांचे आव्हान-डेक निघाले. पहिल्यात अनेक मुंडक्यांचा सर्प, दुसऱ्यात मिनोटॉरांची (बैलाचे डोके असलेल्या माणसांची) टोळी, तिसऱ्यात देवत्वाला पोचलेला झेनागोस. सर्पाच्या डेकची युक्ती सुरेख आहे : एक मुंडके पाडले की डेकमधले वरचे दोन पत्ते उघडायचे आणि त्यांत मुंडकी निघाली तर तीही मैदानात येतात. ग्रीक कथेतला एक मुंडके तोडले की दोन उगवण्याचा प्रसंग इथे नियमातच उतरला आहे, वेगळी गोष्ट वाचून दाखवावी लागत नाही. मात्र तिन्ही डेक एकाच कथामालेचे असूनही पहिल्यात जिंकलात की हरलात याचा दुसऱ्याच्या नियमांवर ठोस परिणाम होत नाही, आणि म्हणून ते तीन सुटे प्रसंग राहतात.

डिजिटल खेळात याच मार्गाला यंत्राची मदत मिळते. ‘हर्थस्टोन’मध्ये २०१५ साली ‘युनाइट अगेन्स्ट मेकॅझॉड’ हा दोघांनी मिळून संगणकाच्या बॉसशी लढण्याचा प्रकार आला होता. कागदी खेळांत अलीकडे ‘डिस्ने लॉर्काना’ने २०२४ साली ‘इल्युमिनियर्स क्वेस्ट : डीप ट्रबल’ हा अर्सुला या डिस्नेच्या समुद्री चेटकिणीविरुद्धचा सहकारी संच काढला. त्यात शत्रूचा डेक तयार मिळतो आणि भिडूंना आपल्या संग्रहातले डेकही वापरता येतात. मुलांसोबत खेळायचे असेल आणि घरात लॉर्कानाचे पत्ते आधीच असतील, तर घरी काही रचत बसण्यापेक्षा तो संच घेणे सोयीचे.

मुळातून सहकारी

तिसऱ्या मार्गावर फँटसी फ्लाइट गेम्स या प्रकाशकाची छाप आहे. त्यांनी आत कोणते पत्ते निघतील हे आधी न कळणाऱ्या पाकिटांऐवजी ठरलेल्या पत्त्यांचे संच विकण्याची पद्धत रुजवली, त्यामुळे दुर्मीळ पत्त्यासाठी पाकिटांमागून पाकिटे फोडण्याचा खर्च गेला आणि त्याबरोबर अदलाबदलीची मौजही गेली. २०११ साली आलेला ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज : द कार्ड गेम’ हा त्यांचा पहिला मोठा सहकारी प्रयोग. प्रत्येक भिडू एक ते तीन नायक आणि किमान पन्नास पत्त्यांचा डेक घेतो. शत्रूचा ‘एन्काउंटर’ डेक दर फेरीला भिडूमागे एक पत्ता उघडतो. आणि प्रत्येकाच्या तबकडीवरचा धोक्याचा आकडा पन्नासला पोचला की तो भिडू बाद होतो. यातला मर्माचा निर्णय असा की मोहिमेवर कोणकोणते पात्र पाठवायचे हे शत्रूचे पत्ते उघडण्याआधीच ठरवावे लागते. जास्त पाठवले तर लढायला कोणी उरत नाही, कमी पाठवले तर धोका वाढतो. वैर असलेला माणूस समोर नसतानाही छातीत धडधड होते ती या क्रमामुळे. मात्र हा खेळ निष्ठुर आहे. चुकीच्या डेकने काही प्रसंग जिंकताच येत नाहीत आणि कथा ऐकायला आलेल्या भिडूचा त्यामुळे हिरमोड होतो.

‘मार्व्हल चॅम्पियन्स’ (२०१९) त्याच्या दुसऱ्या टोकाला. चाळीस ते पन्नास पत्त्यांच्या डेकमधले पंधरा पत्ते नायकाचे ठरलेले असतात, त्यामुळे नवखा माणूसही लगेच खेळायला बसतो. खलनायकाची वागणूक एका वाक्यात सांगता येते : भिडू नायकाच्या रूपात असेल तर तो त्याच्यावर हल्ला करतो, साध्या माणसाच्या रूपात असेल तर कारस्थान पुढे रेटतो. ऱ्हायनो या पहिल्या खलनायकाच्या पहिल्या टप्प्याचे लाइफ भिडूमागे १४ आहे, म्हणजे दोघांसाठी २८ आणि चौघांसाठी ५६, आणि होर्डमध्ये जी घालमेल करावी लागते ती इथे एका गुणाकारात संपते. मूळ पेटीत कथा मात्र जवळपास नाही. २०२० च्या ‘द राइज ऑफ रेड स्कल’पासून मोहिमा येऊ लागल्या, त्याही पातळच.

कथेच्या निकषावर या सर्वांत पुढे आहे तो २०१६ सालचा ‘आर्कम हॉरर : द कार्ड गेम’. डेक साधारण तीस पत्त्यांचा आणि त्यात तुमच्या पात्राचा एक खास दुबळेपणाही पिसलेला असतो. एका पाळीत तीन कृती. एखादी कृती साधते का याच्या परीक्षेच्या वेळी पिशवीत हात घालून टोकन काढायचे आणि त्यावरचा अंक आपल्या कौशल्यात धरायचा. नेहमीच्या काठिण्यपातळीला पिशवीत सोळा टोकन असतात, त्यांतली दहा अंकांची, अधिक एकपासून उणे चारपर्यंत. त्या दहांपैकी आठ उणे दोन किंवा त्याहून सौम्य आहेत, म्हणून अनुभवी भिडू परीक्षेपेक्षा कौशल्य दोनने वर ठेवूनच पिशवीत हात घालतात. खेळ अवघड करायचा असेल तर पिशवी बदलायची, डेकना हातही लावावा लागत नाही, आणि कथेतल्या एखाद्या अभद्र घटनेनंतर पिशवीत एक टोकन वाढले की तिचा परिणाम मोहीम संपेपर्यंत प्रत्येक परीक्षेत जाणवतो.

कथा पुढे नेणारी यंत्रणा मात्र दोन गठ्ठ्यांत आहे. एक भिडूंच्या प्रगतीचा, जो धागेदोरे गोळा केले की उलटतो. दुसरा शत्रूच्या कारस्थानाचा, जो दर फेरीला अरिष्टाचे एक टोकन चढत जाऊन आपोआप उलटतो. पहिल्याच प्रसंगात तुम्ही आपल्या अभ्यासिकेत अडकलेले असता आणि खोलीचे दार नाहीसे झालेले असते. बाहेर पडायला भिडूमागे दोन धागे लागतात आणि पहिले कारस्थान तीन टोकनांत उलटते. त्या प्रसंगाचा शेवट सांगून थोडा रसभंग करतो आहे, पण मुद्दा त्याशिवाय कळणार नाही. अखेरीस घर जाळून टाकायचे की नाही, हे भिडूंनी ठरवायचे असते. जाळले तर मुख्य भिडूला कायमचा मानसिक आघात बसतो आणि लीटा ही सहकारी त्याच्या डेकमध्ये येते. न जाळले तर घर शाबूत राहते आणि अनुभवाचा एक गुण जास्त मिळतो. हा निर्णय मोहिमेच्या नोंदवहीत लिहिला जातो आणि पुढच्या प्रसंगाची मांडणी करताना जळालेले घर नकाशावर ठेवलेच जात नाही, तुम्ही वेगळ्याच ठिकाणाहून सुरुवात करता. नकाशावरची ती रिकामी जागा पाहून भिडू आपसूक मागच्या डावाबद्दल बोलू लागतात. डाव संपल्यावर काय शिल्लक राहते, या प्रश्नाला यापेक्षा नेमके उत्तर दुसऱ्या कोणत्या पत्तेखेळाने दिल्याचे मी पाहिलेले नाही.

उणीव अशी की लिहिलेली कथा पहिल्यांदाच नवी असते. पुन्हा खेळताना डेकबांधणीची मौज टिकते, गोष्टीचे कुतूहल टिकत नाही, आणि नव्या कथेसाठी नवा संच घ्यावा लागतो. भारतात हे संच बहुतांशी आयातीवर अवलंबून असल्याने हवा तो भाग हवा तेव्हा मिळेलच असे नाही.

‘पाथफाइंडर अ‍ॅडव्हेंचर कार्ड गेम’ (२०१३) याच वर्गातला. त्यातल्या दोन कल्पना उसन्या घेण्याजोग्या आहेत. तीस पत्त्यांचा एक गठ्ठा घड्याळाचे काम करतो, आणि तुमचा डेक हाच तुमचा प्राण असतो, म्हणजे पत्ता ओढायची वेळ आली आणि डेक रिकामा असला की पात्र मरते.

एकमेकांशेजारी ठेवून पाहता

तयारीच्या दृष्टीने खलनायकाचा मार्ग सर्वांत हलका आहे. स्कीम पत्ते मिळाले नाहीत तर ते छापून घेता येतात. मॅजिकचा पत्ता ६३ बाय ८८ मिलिमीटरचा असतो आणि ए-४ कागदावर तीन ओळींत नऊ बसतात, त्यामुळे कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून वीस स्कीम किंवा साठ टोकन सहज तयार होतात. पत्ता जपण्याच्या प्लास्टिकच्या पाकिटात जुन्या पत्त्यापुढे सरकवले की पिसतानाही फरक कळत नाही. घरगुती वापरासाठी यात कसली अडचण नाही. पण आपला प्रकार इतरांना द्यायचा असेल तर तो विनामूल्यच द्यावा. चाहत्यांनी बनवलेल्या गोष्टी विकू नयेत, असेच विझार्ड्सचे धोरण सांगते.

भिडूंची संख्या कमीजास्त होत असेल तर तिसरा मार्ग निःसंशय सरस, कारण ‘भिडूमागे अमुक’ हे गणित त्याच्या हाडामांसात आहे. आर्चएनिमी तीन नायकांना उत्तम, एका नायकाला निरर्थक. होर्ड दोन ते चार भिडूंत चालते, पण वर सांगितलेली मोजमापे हाताशी ठेवून.

सहकारी खेळांतला एक जुना रोग म्हणजे एखादा शहाणा भिडू सगळ्यांच्या वतीने खेळू लागणे. इथे घरच्या संग्रहाचा अनपेक्षित फायदा होतो. ज्याने त्याने स्वतः बांधलेला डेक इतका वैयक्तिक असतो की दुसऱ्याला त्यातले सगळे बारकावे ठाऊक नसतात आणि हुकूम सोडणे अवघड जाते. मार्व्हल चॅम्पियन्समध्ये हा रोग लवकर बळावतो, आर्कममध्ये कमी, होर्डमध्ये त्याहून कमी. नवखा आणि मुरलेला भिडू एकत्र बसणार असतील तर या मुद्द्याला किमतीपेक्षा जास्त वजन द्यावे, असे मला वाटते.

राहिली कथा. आर्चएनिमीत ती माणूस सांगतो, आर्कममध्ये ती लिहिलेली असते, आणि होर्डमध्ये ती नसतेच. ही शेवटची उणीव भरून काढता येते, आणि त्यासाठी आर्कमचे ते दोन गठ्ठे, म्हणजे डाव पुढे ढकलणारी दोन घड्याळेच, यांसारखी जोडी होर्डला द्यावी लागते. होर्डमध्ये एकच घड्याळ आहे : तिचा संपत जाणारा डेक. त्याच्या जोडीला दुसरे हवे. समजा, भिडूंच्या मागे एक गाव आहे आणि त्यात दहा घरे आहेत, म्हणजे टेबलावर दहा टोकन. कोणीही न अडवलेला प्रत्येक झॉम्बी आत शिरला की भिडूंनी ठरवायचे, त्याची इजा लाइफवर घ्यायची की एक घर द्यायचे. शंभर पत्त्यांचे तीन भाग करून दुसऱ्या आणि तिसऱ्या भागात एकेक ‘प्रकरण’ पत्ता पिसायचा आणि मग तिन्ही भाग एकावर एक रचायचे. तो पत्ता उघडला की एक नियम बदलतो, उदाहरणार्थ, रात्र होते आणि पुढे दर पाळीला एक टोकन जास्त येते. हा पत्ता इजेमुळे बाद झाला तरी तो वाचून अमलात आणायचाच, नाहीतर जोरकस डेकवाले भिडू कथाच ओलांडून पुढे जातील. डाव संपल्यावर किती घरे उरली ते वहीत लिहायचे. पुढच्या डावात सात किंवा अधिक घरे असतील तर तयारीच्या तीन पाळ्या, चार ते सहा असतील तर दोन, त्याहून कमी असतील तर एकच. हरलेल्या डावानंतरही मोहीम पुढे चालली पाहिजे, म्हणून गाव पूर्ण पडले तर पुढचा डाव घरांशिवाय, गाव सोडून पळणाऱ्यांचा. एवढ्याने होर्ड आर्कम होणार नाही, पण भिडू मागच्या डावाची चर्चा करत बसायला येतील.

कोणी काय घ्यावे

संग्रह आहे, खर्च करायचा नाही आणि प्रयोगाची आवड आहे, तर होर्ड घ्यावी आणि वरची दोन घड्याळे जोडावीत. माझी पहिली पसंती हीच. पहिले एक-दोन डाव मात्र कोणतीही भर न घालता साध्या होर्डचे खेळून पाहावेत, कारण आपल्या गटाच्या डेकांची ताकद कळल्याशिवाय घरांची संख्या ठरवता येत नाही. गटात जातिवंत कथेकरी असेल तर आर्चएनिमी, पण ‘स्वतः की इतर’ धर्तीचे पेच मुद्दाम जास्त घालून आणि नायक बाद होण्याऐवजी जखमी होऊन एक पाळी गमावेल असा नियम करून. कथा हीच मुख्य ओढ असेल, डेकबांधणी तिच्यामागून येत असेल, किंवा बहुतेक वेळा दोघेच खेळणार असाल, तर घरी काही रचण्याच्या फंदात न पडता आर्कम घ्यावा. दहा-बारा वर्षांची मुले सोबत असतील तर मार्व्हल चॅम्पियन्स किंवा लॉर्कानाचा संच. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मी एकट्याने खेळणाऱ्यांना आणि हरण्याचा कंटाळा नसलेल्यांना सुचवीन.

आर्कम घेणाऱ्यांनी आवृत्ती तपासून घ्यावी. २०१६ ची मूळ पेटी एक किंवा दोन भिडूंपुरती होती आणि चौघांसाठी तशा दोन पेट्या लागत. २०२१ ची सुधारित पेटी एकटीच चौघांना पुरते. जुन्या वस्तूंच्या बाजारात पहिली पेटी स्वस्तात दिसली, तरी चार जणांच्या गटाने तिच्या मोहात पडू नये.